हिरव्या टेबलाची कैफियत

साहित्याशी आमचा संबंध तसा बेताचाच. बी. कॉम. झालेल्या माणसाने आयुष्यात एकच पुस्तक मनापासून वाचायचं असतं, ते म्हणजे पासबुक. आणि आम्हा बँकवाल्यांच्या नशिबी तेही दुसऱ्याचं. नाही म्हणायला, गेली बावीस वर्षं काउंटरमागे बसून मी एका प्रकारची समीक्षा करत आलो आहे. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुन्याची सही शेजारी शेजारी धरून 'हा तोच माणूस का?' असं स्वतःला विचारायचं, याला विद्वान लोक तौलनिक अभ्यास म्हणतात असं ऐकतो. आम्ही त्याला 'सही जुळत नाही, उद्या या' असं म्हणतो.

तेव्हा वाचकहो, आज मी जी समीक्षा करायला बसलो आहे तिच्यामागे विद्वत्ता नाही. तिच्यामागे आमची कन्या आहे.

कन्या सहावीत आहे. वय वर्षं अकरा. दिवाळीनंतर ती एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली. आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे औक्षण, वाटीभर शिरा आणि 'आता तरी मोठ्यासारखा वाग' एवढा उपदेश. हल्ली वाढदिवसाला 'थीम' असते. या थीमचं नाव हॅरी पॉटर होतं. दारातच एक टोकदार काळी टोपी ठेवली होती आणि तिच्यात चार रंगांच्या चिठ्ठ्या. लाल निघाली की ग्रिफिन्डॉर, पिवळी निघाली की हफलपफ, निळी निघाली की रेव्हनक्लॉ आणि हिरवी निघाली की स्लिदरिन. कन्येची हिरवी निघाली. त्यावर सगळी पोरं 'ईऽऽ, स्लिदरिन!' म्हणून ओरडली आणि केक कापेपर्यंत तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. रिटर्न गिफ्टची पिशवी सोफ्यावर भिरकावून तिने मला विचारलं, "बाबा, मी वाईट आहे का?"

असल्या प्रश्नांच्या वेळी सगळे बाप ज्या दिशेला बघतात त्या दिशेला मी बघितलं. स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "अहो, ती तुम्हाला विचारतेय. माझ्या हाताला पीठ आहे."

आता मला या विषयातली माहिती इतकीच, की पॉटर म्हणजे कुंभार. म्हणजे हा कुणी आपला हरी कुंभार असावा. तेव्हा "आधी पुस्तकं वाचतो, मग सांगतो" अशी मी मुदत मागून घेतली. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला मुदत मागण्याची सवय नसते, देण्याची असते. पण वेळ आली. जे. के. रोलिंग या इंग्रज बाईंनी १९९७ ते २००७ या दहा वर्षांत याचे सात भाग लिहिले. हरी मराठीतही आला आहे, पण कन्येकडे इंग्रजी संच होता. त्यातला पाचवा भाग हाताने उचलला तेव्हा आमच्या बँकेतलं जुनं लेजर आठवलं. रोज रात्री जेवणानंतर वाचत अडीच महिन्यांत सातही भाग संपवले. प्रमोशनच्या परीक्षेला इतका अभ्यास केला असता तर आज ही समीक्षा लिहायला वेळ मिळाला नसता.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॉगवर्ट्स नावाची जादू शिकवणारी एक निवासी शाळा आहे. मुलं अकराव्या वर्षी तिथे जातात. पहिल्याच रात्री, प्रवासाचे कपडेही नीट झटकलेले नसतात तोवर, त्यांच्या डोक्यावर एक फाटकी टोपी ठेवतात. ती पोराच्या मनात डोकावते आणि सगळ्या शाळेदेखत चारांपैकी एका घराचं नाव ओरडते. शूर ते ग्रिफिन्डॉरमध्ये, बुद्धिमान ते रेव्हनक्लॉमध्ये, कष्टाळू आणि सरळमार्गी ते हफलपफमध्ये, आणि महत्त्वाकांक्षी, धूर्त ते स्लिदरिनमध्ये. पुढची सात वर्षं जेवायचं टेबल तेच, झोपायची खोली तीच. फेरतपासणी नाही, एटीकेटी नाही. ग्रिफिन्डॉरची मुलं उंच मनोऱ्यात राहतात. स्लिदरिनच्या मुलांची खोली तळघरात, तळ्याच्या पाण्याखाली. हिरवट उजेड, ओलसर भिंती. ही खोली मला फार ओळखीची वाटली. का ते पुढे सांगतो.

आता महत्त्वाकांक्षा हा गुन्हा असेल तर आपण सगळेच पकडले जाऊ. पोराला बालवाडीत घालायला पहाटे रांगेत उभे राहणारे, चौथीत स्कॉलरशिपला बसवणारे, दहावीला ब्याण्णव टक्के पडल्यावर 'बाकीचे आठ कुठे गेले?' म्हणून विचारणारे आपण. आपल्या डोक्यावर ती टोपी ठेवली तर दादर ते डोंबिवली अख्खी लोकल तळघरात जाईल. पण पुस्तकात या मुलांना ठेवलेली नावं त्यापेक्षा फार जड आहेत. हॅरीला शाळेत न्यायला आलेला हॅग्रिड नावाचा धिप्पाड, प्रेमळ माणूस त्याला शाळा बघायच्या आधीच सांगून टाकतो की, बिघडलेला एकूण एक जादूगार स्लिदरिनमधूनच निघाला.

इथे माझ्यातला क्लार्क जागा झाला. एकूण एक? मी मागची पानं चाळली, पुढची ताडून पाहिली. हॅग्रिड हे बोलतो त्या वेळी त्याची स्वतःची पक्की समजूत अशी, की हॅरीच्या आईबापांचा घात सिरियस ब्लॅक नावाच्या त्यांच्या मित्राने केला. आणि हा सिरियस होता ग्रिफिन्डॉरचा. म्हणजे हॅग्रिडचं विधान त्याच्याच माहितीप्रमाणे खोटं. पुढे तिसऱ्या भागात, १९९९ साली, उलगडा होतो की घात सिरियसने नव्हे, पीटर पेटिग्रूने केला. हाही त्याच मित्रमंडळातला, त्याच लाल घरातला. हा गृहस्थ उंदराचं रूप घेऊन ग्रिफिन्डॉरच्याच खोलीत, हॅरीच्या जिवलग मित्राच्या पांघरुणात वर्षानुवर्षं झोपत होता. म्हणजे सगळे तळघराकडे बोट दाखवत होते आणि अपहार करणारा हेड ऑफिसात, साहेबांच्या खुर्चीखाली.

पण मला खरा धक्का बसला तो पहिल्या भागाच्या शेवटी. वर्षभर चारही घरांना गुण मिळत असतात, कापलेही जात असतात, आणि शेवटी ज्याची बेरीज जास्त त्याला चषक. बेरीज हा शब्द आला की मी सावरून बसतो. वर्षअखेरीचे आकडे असे: स्लिदरिन ४७२, रेव्हनक्लॉ ४२६, हफलपफ ३५२ आणि ग्रिफिन्डॉर ३१२. स्लिदरिनचं हे ओळीने सातवं वर्ष. सगळा हॉल हिरव्या आणि रुपेरी रंगाने सजवलेला, भिंतीवर सापाचा झेंडा, पोरं टाळ्या पिटताहेत. एवढ्यात हेडमास्तर डम्बलडोर उठतात आणि म्हणतात, थोडे गुण द्यायचे राहिलेत. आणि सुरू होतात नोंदी. रॉनला ५०. हर्मायनीला ५०. हॅरीला ६०. बेरीज करा: ४७२! बरोबरी! मग मिशीतल्या मिशीत हसत नेव्हिलला १०. टाळी वाजवतात, हिरवे झेंडे लाल होतात, साप जाऊन सिंह येतो.

मी पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायलो. आमच्याकडे एकदा कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला होता. रात्री नऊपर्यंत सगळी शाखा बसून होती. हेड कॅशियरांनी टेबलांखाली बॅटरी मारून पाहिली, शिपायाने केराची बादली उलटी केली, आणि मॅनेजरसाहेब म्हणत होते, "माझ्या खिशातून घाला, पण मला घरी जाऊ द्या." तरी ते दहा रुपये कुणी खिशातून घातले नाहीत. कारण दिवस बंद होताना जो आकडा असेल तो असेल. इथे झेंडे टांगून झाल्यावर, पानं वाढून झाल्यावर, साक्षात हेडमास्तर १७० गुणांच्या नोंदी घालतात. आणि घालतात त्या अशा हिशेबाने की निकाल दहाने उलटावा. ३१ मार्चच्या रात्री ताळेबंद गोड करणारे साहेब मी पाहिले आहेत, पण तेही निदान केबिनचं दार लावून घेतात.

गैरसमज नको. गुण देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. त्या चार पोरांनी जिवावर उदार होऊन पराक्रम केला होता. नेव्हिल तर मित्रांनाच आडवा गेला होता, जे शत्रूला आडवं जाण्याहून कठीण. द्या ना गुण! पण ते आदल्या दिवशी देता आले असते. हॉल लाल रंगाने सजवता आला असता. स्लिदरिनची पोरं हिरमुसली असती, पण फसवली गेली नसती. त्या प्रसंगात लेखिकेने आपल्याला माल्फॉयचा पडलेला चेहरा दाखवला आहे. माल्फॉय हा श्रीमंत बापाचा शेफारलेला पोरगा. त्याचा चेहरा पडला की कुणालाही बरं वाटतं, मलाही वाटलं. पण मग माझी नजर उगीचच त्या टेबलाच्या पार टोकाला गेली. तिथेही एखादं अकरा वर्षांचं पोर बसलं असेल ना? ज्याने कुणाची खोड काढली नाही, वर्षभर गृहपाठ वेळेवर दिले, वर्गात दोनदा बरोबर उत्तर देऊन घराच्या बेरजेत दहा गुण घातले, आणि आईला पत्रात लिहिलं असेल, 'आपण जिंकलो.' त्याच्या डोक्यावरचा झेंडा बदलला आणि बाकीची तिन्ही टेबलं नाचायला लागली. त्या पोराने काय समजायचं?

ते पोर पुस्तकात नाही. माझी तक्रार नेमकी तिथे आहे. एकदा मात्र ते ओझरतं दिसलं. पाचव्या भागात, २००३ च्या, हॅग्रिड वर्गाला जंगलात नेऊन थेस्ट्रल नावाचे घोडे दाखवतो. हे घोडे सगळ्यांना दिसत नाहीत. ज्याने कुणाला तरी डोळ्यांदेखत मरताना पाहिलं आहे, त्यालाच दिसतात. हॅरीला दिसतात. नेव्हिलला दिसतात. आणि स्लिदरिनच्या एका किडकिडीत मुलाला दिसतात. हॅरीने काय पाहिलं ते आपल्याला ठाऊक असतं. नेव्हिलला विचारणा होते, तो सांगतो, आजोबा. त्या तिसऱ्या मुलाला कुणी विचारत नाही. ना वर्ग घेणारा विचारत, ना वर्ग तपासायला आलेली बाई, ना हॅरी, ना लेखिका. तो घोड्याकडे बघत उभा राहतो आणि आपण पान उलटतो. पंधरा वर्षांच्या त्या पोराच्या घरात कोण गेलं असेल? आई? मी त्या पानावर बराच वेळ थांबलो. ही म्हणालीसुद्धा, "झोप आली असेल तर दिवा घालवा."

आता दुसरी बाजू. एकाच बाजूचं लिहिलं तर ती समीक्षा न होता कर्जाची शिफारस होते. तर स्लिदरिनवर जो राग आहे तो हवेतून आलेला नाही. हे घर काढणाऱ्या सालाझार स्लिदरिनचं म्हणणंच मुळी असं होतं की, जादू फक्त जादूगारांच्या घराण्यातल्या मुलांना शिकवावी. साध्या घरातल्या पोरांना शाळेची पायरी चढू देऊ नये. तेवढ्यावर न थांबता त्याने शाळेच्या पोटात एक अजस्र साप ठेवून दिला, असल्या पोरांना वेचून मारायला. दुसऱ्या भागात तर तळघराच्या खोलीचा परवलीचा शब्दच 'शुद्ध रक्त' असा आहे. रोज खोलीत शिरताना पोरांनी हे म्हणायचं! जन्मावरून माणूस मोजण्याच्या धंद्याबद्दल आपल्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही; आपल्याकडे तो पिढीजात चालला. तेव्हा रोलिंगबाईंनी त्या विचारावर सात भाग तोफ डागली हे फार चांगलं केलं. शिवाय या घराचे मास्तर स्नेप दुसऱ्यांचे गुण कापायला कैची घेऊनच बसलेले, नेव्हिलसारख्या गरीब पोराला रडवणारे. हे सगळं खातेउताऱ्यात आहे आणि मी ते खोडत नाही.

पण गंमत बघा. माणूस रक्तावरून ओळखू नये असं सांगणारी ही पुस्तकं, पोरं टेबलावरून ओळखतात.

आणि हे काही या प्रकारच्या गोष्टींना आवश्यकच होतं, असंही नाही. इंग्रजांकडे निवासी शाळांच्या गोष्टींची जुनी परंपरा आहे. टॉमस ह्यूजने १८५७ साली रग्बीच्या शाळेवर 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' लिहिलं. त्यातला दांडगट फ्लॅशमन टॉमच्याच घरात राहतो. एनिड ब्लायटनबाईंच्या मॅलरी टॉवर्समध्ये चार मनोरे आहेत, पण सगळ्यांना वैताग देणारी ग्वेंडोलिन नायिकेच्याच मनोऱ्यात, तिच्याच खोलीत झोपते. म्हणजे जुन्या मंडळींना ठाऊक होतं की वाईट पोर शेजारच्या खाटेवर असतं. रोलिंगबाईंनी सोय म्हणून सगळी एका टेबलावर नेऊन बसवली. सोय मोठी झाली. कोण सज्जन, कोण दुर्जन, हे टायच्या रंगावरून कळू लागलं. पण अशी सोय मला माझ्या काउंटरवरही कुणी केलेली नाही, आणि तिथे तर प्रत्येकाच्या फॉर्मला फोटो चिकटवलेला असतो.

आमच्याकडे २००४ सालापासून एक नियम आहे. कर्जाचा हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की ते खातं बुडीताच्या वाटेवरचं, म्हणजे एनपीए. ऐकायला निर्दय वाटतं. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की, सगळी थकबाकी भरली तर खातं पुन्हा 'स्टँडर्ड'. दुसरं म्हणजे खातं ज्याच्या नावावर त्यालाच नोटीस जाते. अख्ख्या गल्लीला नाही. रिझर्व्ह बँकेला कुणी दयाळू म्हणणार नाही. पण एवढी दया तिच्याकडे आहे.

रोलिंगबाईंनी खाती उघडली, नाही असं नाही. सातवा भाग वाचताना मी थक्क झालो. ज्या स्नेपना सहा भाग शिव्या घातल्या, ते जीव धोक्यात घालून हॅरीला जपत होते. रेग्युलस ब्लॅक नावाच्या कोवळ्या पोराने खलनायकाचा साथीदार असताना त्याच्याशी बंड केलं आणि एका अंधाऱ्या गुहेत कुणालाही न सांगता जीव दिला. माल्फॉयची आई, जिच्या नाकासमोरून कधी माशी हलली नसेल, ती साक्षात काळपुरुषाच्या तोंडावर खोटं बोलून हॅरीला वाचवते. स्लगहॉर्न मास्तर, जन्मभर ओळखीपाळखी आणि गोड खाऊ यांवर जगलेले, हिरव्या रेशमी पायजम्यात लढायला उतरतात. चारही स्लिदरिन! पण बघा, हे सगळे मोठे झाल्यावर, एकेकटे. आणि स्नेप व रेग्युलस यांची व्हाउचरं सापडली ती खातेदार गेल्यावर. शाळेत असलेल्या, टेबलावर बसलेल्या एकाही पोराला ही संधी नाही. शेवटच्या लढाईआधी पॅन्सी नावाची एक मुलगी घाबरून ओरडते, 'हॅरीला देऊन टाका'. आणि अख्ख्या टेबलाला आधी बाहेर काढतात. बाकीच्या घरांतली काही मोठी पोरं लढायला थांबतात. हिरव्या टेबलावरचं एकही नाही. २०११ च्या सिनेमात तर त्यांना सरळ तळघरात पाठवून दिलं आहे. मला सांगा, इतक्या पोरांत एकालाही वाटलं नसेल की थांबावं? की वाटलं, पण सगळ्यांच्या नजरा बघून तेही निमूट रांगेत चालू लागलं?

या रांगेत मी चाललेलो आहे, म्हणून विचारतो.

आमच्या शाळेत पाचवीपासून मार्कांप्रमाणे तुकड्या पाडत. अ, ब, क आणि ड. मी ड. ड तुकडीचा वर्ग मागच्या बाजूला, सायकल स्टँड आणि मुतारी यांच्या मध्ये. म्हणजे तळं नव्हतं इतकंच, ओल तीच. काच फुटली की ड तुकडी. नळ चालू राहिला की ड तुकडी. एकदा हेडमास्तरांच्या स्कूटरची हवा कुणी सोडली तेव्हा आमचा वर्ग सहलीला गेलेला होता, तरी परत आल्यावर आधी आम्हाला उभं केलं. तीन वर्षं माझ्या शेजारी बाकावर जो मुलगा बसे त्याला गणित येत नव्हतं, पण घड्याळ उघडून परत बंद करता येत असे, आणि परत बंद केलेलं घड्याळ चालतही असे. डबा आम्ही एकत्र खायचो. त्याच्या डब्यात रोज भाकरी आणि ठेचा, माझ्या डब्यात पोळी आणि गूळ. अदलाबदलीचा करार तोंडी होता, पण तीन वर्षांत एकदाही मोडला नाही.

आठवीला जायच्या वेळी माझे वडील पांढरा शर्ट घालून हेडमास्तरांना भेटायला गेले. काय बोलले ते मला कधी कळलं नाही. ते दुसऱ्यापुढे हात जोडणारे नव्हते, एवढं सांगतो. जूनमध्ये माझं नाव ब तुकडीच्या यादीत निघालं. हॅरी डोक्यावर टोपी असताना मनातल्या मनात 'स्लिदरिन नको, स्लिदरिन नको' असा जप करतो, आणि टोपी त्याचं ऐकते. पुढे डम्बलडोर त्याला म्हणतात की, माणूस कळतो तो त्याच्या निवडीवरून. खरं असेल. पण ज्यांना टोपीशी बोलता येतं हेच ठाऊक नसतं, आणि ज्यांच्या बापाकडे पांढरा शर्ट नसतो, त्यांचं काय, हे डम्बलडोर सांगत नाहीत. ब तुकडीची मधली सुट्टी वेगळ्या वेळी नव्हती. तीच होती. तरी मी पुन्हा त्याच्याबरोबर डबा खाल्ला नाही. कुणी मना केलं नव्हतं.

असो. मुदत संपली आणि निकाल द्यायची वेळ आली. मी कन्येला समोर बसवून सांगितलं की, घराचा विचार वाईट होता, तो वाईटच म्हणायचा. पण पोरांवर अन्याय झाला, कारण हिशेब घराच्या नावावर ठेवला, पोरांच्या नावावर ठेवला नाही. लेखिकेलाही हे मधूनमधून जाणवलेलं दिसतं. कारण पाचव्या भागात ती टोपीच शंका काढते की अशा वाटण्या करून आपलं चुकतंय की काय, आणि शेवटी डम्बलडोरही म्हणतात, आपण मुलांची निवड जरा लवकरच करतो. मग मी तिला शेवटचं प्रकरण काढून दाखवलं. एकोणीस वर्षांनी हॅरीचा मुलगा शाळेला निघालाय आणि बापाला विचारतोय, मला स्लिदरिन मिळालं तर? हॅरी म्हणतो, तर त्या घराला एक चांगला मुलगा मिळेल. बाप असावा तर असा!

कन्येने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढच्या ओळींवर बोट ठेवलं. "पण लगेच तो हेही सांगतो ना, की तुला नको असेल तर टोपी ऐकते. म्हणजे त्यालाही नकोच होतं."

मी गप्प बसलो. अडीच महिने वाचून मला जे दिसलं नव्हतं ते तिने बोटाने दाखवलं. हॅरीने पोराला धीर दिला आणि मागचं दारही दाखवून ठेवलं. माझ्या वडिलांनी नुसतं दारच दाखवलं होतं. दोघांचंही प्रेम खोटं नव्हतं. पण दाराबाहेर जे राहतात ते आणखी थोडे एकटे पडतात, हे दोन्ही बापांच्या हिशेबात नव्हतं.

"आणि तुझा तो घड्याळवाला मुलगा?" कन्येने विचारलं. "तो आता कुठे असतो?"

तो कुठे असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. स्टँडच्या मागे त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. दर सोमवारी तो आमच्याच शाखेत पैसे भरायला येतो, हात पुसून, नोटा सरळ लावून. "काय साहेब," म्हणतो. मी स्क्रीनकडे बघून "हं" म्हणतो. सतरा वर्षं.

परवा सोमवार होता. तो रांगेतून पुढे आला, स्लिप सरकवली आणि म्हणाला, "काय साहेब."

मी स्क्रीनवरून मान वर केली. सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "अरे, साहेब काय म्हणतोस? आपण ड तुकडीतले!"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हसला. अगदी मनापासून हसला.

"तू कुठला?" तो म्हणाला. "तू ब तुकडीतला."

मी स्लिपवर शिक्का मारला. नोटा दोनदा मोजल्या. बरोबर होत्या.